शेष संघाचा फलंदाज : विजय हजारे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा आहे, आणि ती स्तुत्यच आहे. कोणी न्यायाधीश झाला, कोणी शस्त्रवैद्य झाला, कोणी परदेशी जाऊन मोठ्या पदास पोचला, म्हणजे त्याचे छायाचित्र येथे येते आणि घरोघरची मुले ते पाहतात. यंदा आपल्या युवक शाखेने क्रिकेटची स्पर्धा भरविण्याचे योजिले असल्यामुळे, या खेळाच्या इतिहासातून एखाद्या फलंदाजाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने मला सुचविले. ‘शक्यतो आपल्यापैकी’ अशी पुस्तीही जोडली होती. मी पुष्कळ विचार केला आणि जो फलंदाज निवडला तो आपल्यापैकी नाही. इतकेच नव्हे, तर ज्या काळी मुंबईच्या मैदानावर प्रत्येक समाज आपापल्या नावाने खेळत असे, त्या काळी या गृहस्थांच्या समाजाच्या नावाचा संघच नव्हता. त्यांचे नाव विजय सॅम्युएल हजारे. मंडळाने ही निवड उदार मनाने मान्य केली, याबद्दल मी आभारी आहे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक आणि घरात आठ मुले. शिक्षकाच्या पगारात आठ मुलांचे घर कसे चालत असेल, हे आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांस समजावून सांगावयास नको. संस्थानी सांगलीत खेळाला आश्रय होता, मैदान होते, आणि त्यावर या मुलाची बॅट चालू लागली. १९३४-३५ हे रणजी करंडक सामन्यांचे पहिलेच वर्ष. त्याच हंगामात एकोणीस वर्षांचे हजारे महाराष्ट्राकडून खेळले. म्हणजे आपल्या देशातील प्रांतवार क्रिकेट आणि हजारे यांची कारकीर्द ही दोन्ही बरोबरच सुरू झाली.

त्यांच्या खेळण्याच्या ढबेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. ते उभे राहत तेव्हा बॅट दोन्ही पायांच्या पॅडांमध्ये अडकवल्यासारखी धरीत. हे पाठ्यपुस्तकातले उभे राहणे नव्हे. कोणाही शिस्तप्रिय शिक्षकाने पहिल्याच दिवशी कान धरून ते बदलावयास लावले असते. सुदैवाने त्यांना जे शिक्षक लाभले ते ऑस्ट्रेलियाचे जगद्विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट होते. एका संस्थानिकाच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले होते. ग्रिमेट यांनी शिष्याची ढब पाहिली आणि तीस हात लावला नाही. चौतीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर मला असे वाटते की, शिकविण्यापेक्षा न बिघडविणे हे शिक्षकाचे अधिक अवघड काम असते. ग्रिमेट यांनी ते केले, म्हणून पुढचे सारे घडले.

१९३९-४० च्या हंगामात पुणे येथे महाराष्ट्र विरुद्ध बडोदे या सामन्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी सामन्यांतील ते पहिले त्रिशतक होय. महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि मैदानावर वयाची चाळिशी उलटल्यावरही शतके झळकावीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. यानंतर हजारे बडोद्यास गेले. ज्या संघाच्या गोलंदाजांना त्यांनी ३१६ धावांची शिक्षा दिली, त्याच संघाने त्यांना मानाने बोलावून घेतले आणि संस्थानच्या सेवेत सामावून घेतले. गुणग्राहकता म्हणतात ती हीच. त्या काळी खेळाडूला पैसा मिळत नसे. संस्थानची नोकरी हाच त्याच्या संसाराचा आधार असे. पुढे संस्थाने गेली तरी हजारे बडोद्याचेच राहिले.

आता पंचरंगी सामन्यांकडे वळतो. हा भाग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण आजच्या तरुण वाचकांना ते नावही परके वाटेल.

१८७७ साली मुंबईत पारशी आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. १९०७ साली त्यात हिंदू आले आणि तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुस्लिम आले आणि सामने चौरंगी झाले. पारशी, हिंदू, मुस्लिम व युरोपियन असे हे चार संघ होत. प्रत्येकाचा जिमखाना, प्रत्येकाचा मंडप आणि प्रत्येकाचा जयघोष वेगळा. त्या दिवसांत अर्धी मुंबई कामधंदा सोडून मैदानावर लोटत असे. या चौघांत जे बसत नव्हते, म्हणजे हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे, त्यांना खेळता येत असो वा नसो, त्यांना जागा नव्हती. १९३७ साली त्या सर्वांचा मिळून पाचवा संघ करण्यात आला आणि त्याला नाव देण्यात आले ‘रेस्ट’, म्हणजे शेष. गणितात भागाकार करून जी उरते तिला आपण शेष किंवा बाकी म्हणतो. चार संघांत ज्यांना भागता आले नाही ती ही बाकी! गंमत अशी की, ज्या वर्षी हा पाचवा संघ प्रथम आला त्या वर्षी हिंदू संघच खेळला नाही. नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील बैठकींच्या वाटपावरून तंटा झाला आणि हिंदू जिमखाना बाहेर राहिला. आधी माणसे समाजवार वाटली, मग खुर्च्या वाटण्यावरून भांडण झाले.

वाटणी संघासंघांतच होती असे कोणी समजू नये. हिंदू संघाच्या आत काय चालत होते, हे आपण ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी तरी विसरता कामा नये. पळवणकर बाळू हे आपल्या काळचे श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. परंतु ते चांभार समाजात जन्मले होते, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही पुष्कळ झगड्यानंतर. विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते, पण हिंदुस्थानला कसोटी सामने मिळाले १९३२ साली, आणि तोवर त्यांची वेळ निघून गेली होती.

हजारे या शेष संघाकडून खेळत. १९४३ सालच्या अखेरीचे पंचरंगी सामने हे या खेळाच्या इतिहासातील एक नवलच म्हटले पाहिजे. त्या सामन्यांतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम विजय मर्चंट यांच्या नावावर होता, नाबाद २४३. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मोडला. अंतिम सामना हिंदू विरुद्ध शेष असा ठरला. मर्चंट यांनी पहिल्याच डावात नाबाद २५० धावा करून विक्रम परत घेतला आणि हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. शेष संघ १३३ धावांत आटोपला, त्यात हजारे यांच्या ५९. फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावात ५ बाद ६० अशी दाणादाण उडाली.

तेथून पुढे जे झाले ते सांगताना मी वर्गात शेकडेवारीचे उदाहरण फळ्यावर घालीत असे. ‘एका संघाने ३८७ धावा केल्या. त्यांपैकी एका खेळाडूने ३०९ केल्या. तर शेकडा किती?’ मुले आकडेमोड करून उत्तर काढीत, जवळजवळ ऐंशी, आणि उत्तर चुकले असणार असे समजून पुन्हा मांडणी करीत. उत्तर बरोबर असे. दहा जणांनी मिळून आणि अवांतर धावा धरून ७८, आणि एकट्या हजारे यांनी ३०९. सहाव्या गड्यासाठी त्यांना त्यांचे बंधू विवेक येऊन मिळाले. दोघांनी ३०० धावांची भर घातली आणि तीत विवेक यांच्या धावा होत्या २१. विवेक यांनी दुसरे टोक धरून ठेवले, एवढेच त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले. आपल्याकडे घरातील एका भावाचे नाव व्हावे म्हणून दुसरा भाऊ दुकान सांभाळतो. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना या २१ धावांची किंमत निराळी सांगावयास नको.

विक्रम पुन्हा हजारे यांच्याकडे आला. सामना मात्र हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. मर्चंट यांनीही फार दिवस थांबू दिले नाही. त्याच हंगामात रणजी सामन्यात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. या दोन विजयांची ही चुरस त्या वर्षी घरोघर चर्चेचा विषय झाली होती. दोघांत वैर मात्र कधीच नव्हते. मर्चंट यांनी पुढे हजारे यांच्याविषयी जे लिहिले त्यात आदराखेरीज काही नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. मी या ३०९ धावांचा जेव्हा जेव्हा विचार करतो तेव्हा एक प्रश्न पडतो. त्या स्टेडियमवर हिंदूंच्या मंडपात हिंदूंसाठी टाळ्या होत्या. मुस्लिमांच्या, पारश्यांच्या मंडपांत त्यांच्या त्यांच्यासाठी होत्या. शेष संघासाठी आपले म्हणून टाळ्या कोण वाजवणार? आणि तरी त्या डावाला सर्वांनीच दाद दिली. ज्याच्यामागे कोणाचा समाज नव्हता, त्याच्या खेळावर सर्वांचाच हक्क झाला. पंचरंगी सामन्यांविषयी महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्येच नापसंती दर्शविली होती. खेळात जमातींच्या भिंती कशाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अनेकांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे, या सामन्यांत चुरस होती, दंगा नव्हता, आणि मोठे खेळाडू येथेच घडले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. १९४५-४६ नंतर हे सामने बंद झाले, आणि रणजी सामन्यांनी त्यांची जागा घेतली.

आपल्या युवक शाखेच्या स्पर्धेची नियमावली मी वाचली आहे. तीत ‘खेळाडू ज्ञातीतीलच असला पाहिजे’ असे एक कलम आहे, आणि त्यासाठी आडनाव व मूळ गाव पडताळण्याची तरतूद आहे. स्पर्धा आपली आहे, देणग्या आपल्या लोकांच्या आहेत, आणि आपली विखुरलेली मुले एकत्र यावीत हा हेतू चांगला आहे. मी त्याला विरोध करीत नाही. परंतु प्रत्येक संघात अकरांपैकी निदान तीन जागा मोकळ्या ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. आपल्या मुलांबरोबर जी मुले रोज त्याच चाळीच्या अंगणात, त्याच शाळेच्या मैदानावर खेळतात, त्यांना केवळ त्या एका रविवारी कुंपणाबाहेर उभे करू नये. आपण ज्ञातिसंस्था स्थापन केली ती आपल्या मुलांना वसतिगृहे नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या म्हणून. कोणाला बाकी ठरविण्यासाठी केली नाही. वार्षिक सभेत या सूचनेचा विचार व्हावा, एवढीच विनंती करून मूळ विषयाकडे वळतो.

मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत झाला. होळकर संघ म्हणजे कर्नल सी. के. नायडू यांचा, त्या काळचा बलाढ्य संघ. त्यांचा पहिला डाव २०२ वर संपला. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत गेले, आणि हजारे यांना लाहोरचे डावखुरे फलंदाज गुल महंमद येऊन मिळाले. हे दोघे जे खेळत राहिले ते धावसंख्येत ५७७ ची भर घालूनच थांबले. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला आणि सामना त्यांनी एक डाव ४०९ धावांनी जिंकला. ५७७ हा कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठ्या भागीदारीचा विक्रम ठरला. तो २००६ सालापर्यंत टिकला. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी कोलंबो येथे ६२४ धावा करून तो मोडला.

तारखेकडे वाचकांचे लक्ष वेधतो. त्या मार्च महिन्यात पंजाब पेटला होता. लाहोर, अमृतसर, रावळपिंडी येथून जाळपोळीच्या आणि कत्तलींच्या बातम्या येत होत्या. आणि बडोद्याच्या मैदानावर सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान हे एका मराठा राजाच्या संघासाठी एकेक धाव पळत होते. इतिहास शिकविताना आपण फाळणीचे धडे शिकवितो आणि ते शिकविलेच पाहिजेत. पण त्याच महिन्याच्या पानावर ही ५७७ ची नोंदही आहे. गुल महंमद पुढील हंगामात हिंदुस्थानच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. नंतर ते पाकिस्तानवासी झाले आणि १९५६ साली त्या देशाकडूनही एक कसोटी सामना खेळले. १९९२ साली लाहोरास त्यांचा अंत झाला.

कसोटी सामन्यांत हजारे यांना फार उशिरा उतरावयास मिळाले. १९३६ च्या ऑगस्टनंतर थेट १९४६ च्या जूनपर्यंत हिंदुस्थान एकही कसोटी सामना खेळला नाही. मध्ये महायुद्ध होते. फलंदाजाच्या आयुष्यातील एकविसावे ते एकतिसावे वर्ष म्हणजे त्याचा ऐन बहर. हजारे यांचा तो बहर जगाला दिसलाच नाही. १९४६ साली लॉर्ड्सवर ते पहिला कसोटी सामना खेळले तेव्हा त्यांना एकतीस वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे जानेवारी १९४८ चा अ‍ॅडलेड येथील कसोटी सामना. स्वतंत्र हिंदुस्थानचा हा पहिलाच परदेश दौरा, कर्णधार लाला अमरनाथ, आणि समोर ब्रॅडमन यांचा संघ. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यांत ब्रॅडमन यांच्या २०१. ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडविला तो हजारे यांनीच. यापूर्वी सिडनीच्या कसोटीतही ब्रॅडमन यांना १३ धावांवर त्यांनीच त्रिफळाबाद केले होते. फलंदाज म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५९५ बळी घेतले, हे सहसा कोणी सांगत नाही.

हिंदुस्थानच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ आणि दत्तू फडकर यांनी १२३ धावा केल्या. दोघांची भागीदारी १८८ ची. तरीही ३८१ वर सर्व बाद होऊन फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावाची सुरुवात अशी : मंकड शून्य, अमरनाथ शून्य, धावफलकावर शून्य. लिंडवॉल यांची गोलंदाजी त्या दिवशी वाऱ्यासारखी होती. ३८ धावांत त्यांनी ७ गडी बाद केले. त्या डावात आमचे सहा फलंदाज भोपळा घेऊन परतले. आणि या पडझडीत हजारे यांनी १४५ धावा केल्या. त्यांना साथ दिली ती हेमू अधिकारी यांनी, ५१ धावांची. एकूण धावा २७७. सामना एक डाव १६ धावांनी गेला. परंतु एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे पहिले हिंदी फलंदाज म्हणून हजारे यांचे नाव कायमचे कोरले गेले.

मला या १४५ धावा ३०९ पेक्षाही मोठ्या वाटतात. तेथे समोर आपलेच ओळखीचे गोलंदाज होते, येथे जगातील सर्वांत वेगवान गोलंदाज होते. शिवाय या वेळी ते शेष नव्हते. नव्या देशाच्या संघाचा अर्ध्याहून अधिक भार एका माणसाने उचलला होता. सामना २८ जानेवारीस संपला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, आणि अ‍ॅडलेडचे कौतुक करण्यास देशात कोणाचे मन उरले नाही.

पुढील वर्षी वेस्ट इंडीजचा संघ आपल्याकडे आला. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या अखेरच्या कसोटीत जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. रुसी मोदी यांच्या ८६ आणि हजारे यांच्या १२२ धावांनी विजय हाताशी आणून ठेवला. धावसंख्या ८ बाद ३५५ झाली आणि वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या! त्या गडबडीत पंचांनी वेळेच्या किंचित आधीच बेल्स उचलल्या, ही हळहळ जुने लोक पुढे कैक वर्षे बोलून दाखवीत. तो सामना जिंकला असता तर आपला पहिला कसोटी विजय तीन वर्षे आधी झाला असता.

तो पहिला विजय मिळाला तेव्हा कर्णधार हजारेच होते, हा एक न्यायच म्हणावयाचा. १९५१-५२ साली इंग्लंडचा संघ आला. दिल्लीच्या कसोटीत मर्चंट यांनी १५४ आणि हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. मर्चंट यांचा तो अखेरचा कसोटी सामना. खांद्याच्या दुखापतीमुळे ते निवृत्त झाले. दोन विजयांची जोडी कसोटीत एकत्र शतके करून अशी फुटली. पुढच्याच मुंबईच्या कसोटीत हजारे यांनी १५५ धावा केल्या. म्हणजे १९४९ च्या १२२ धरून लागोपाठ तीन कसोटींत तीन शतके झाली. असे करणारेही ते पहिले हिंदी.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे मालिकेतील पाचवा सामना झाला. पहिल्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्यात ५३ धावांत ४ गडी बाद केले. पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. हिंदुस्थान एक डाव ८ धावांनी जिंकला. कसोटी खेळू लागल्यापासून वीस वर्षांनी, पंचविसाव्या सामन्यात मिळालेला हा पहिला विजय. कर्णधाराच्या स्वतःच्या धावा त्यात २० होत्या. यशाच्या दिवशी दुसऱ्यांना पुढे करून आपण मागे राहावे, हे त्यांच्या स्वभावाला शोभणारेच होते.

कर्णधारपद त्यांना मानवले असे मात्र मी म्हणणार नाही. ते अत्यंत मितभाषी आणि संकोची होते. हुकूम देणे, निवड समितीशी भांडणे, संघातील गटबाजी मोडून काढणे ही कामे त्यांच्या प्रकृतीची नव्हती. हे पद त्यांच्यावर आले नसते तर फलंदाज म्हणून ते आणखी उंचीवर गेले असते, असे मत स्वतः मर्चंट यांनी नोंदविले आहे. चौदा कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. एक जिंकली, पाच हरल्या, बाकीच्या अनिर्णित राहिल्या.

१९५२ चा इंग्लंडचा दौरा तर फारच वाईट गेला. लीड्सच्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात धावफलकावर ‘शून्यावर चार’ अशी अभूतपूर्व अवस्था झाली. ट्रुमन आणि बेडसर यांनी चौदा चेंडूंत चार गडी घेतले होते. त्या फलकाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि आपली मान खाली गेली. पण त्या छायाचित्रानंतर काय झाले हे कोणी छापीत नाही. चौथा गडी पडल्यावर कर्णधार हजारे मैदानात आले. ट्रुमन यांनी लागोपाठ दोन चेंडूंवर दोन बळी घेतले होते, तिसरा चेंडू हजारे यांच्यावर पडला. तो त्यांनी शांतपणे खेळून काढला आणि ५६ धावा केल्या. फडकर यांच्या ६४ होत्या. पहिल्या डावातही ३ बाद ४२ वरून विजय मांजरेकर या वीस वर्षांच्या तरुणाला हाताशी धरून त्यांनी २२२ धावांची भागीदारी केली होती. मांजरेकर १३३, हजारे ८९. पडझड झाली की फळ्यावर हजारे यांचे नाव उभे असावयाचे, हे त्यांच्या कारकीर्दीतले ठरूनच गेले होते.

१९५३ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर ते कसोटीतून बाहेर पडले. ३० कसोटी सामने, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १८,७४० धावा आणि ६० शतके. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. नंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते बडोद्यास शांतपणे राहिले. १८ डिसेंबर २००४ रोजी एकोणनव्वदाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

राज्याराज्यांतील एकदिवसीय सामन्यांची राष्ट्रीय स्पर्धा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या माणसाने दिवसदिवस खेळपट्टीवर ठाण मांडले त्याचे नाव पन्नास षटकांच्या सामन्यांना द्यावे, याची मला थोडी मौज वाटते. या विजय हजारे करंडकात नोव्हेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद येथे महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाड याने उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले. त्यांतला एक नोबॉलवर होता. एका षटकात त्याच्या धावा झाल्या ४२, म्हणजे विवेक हजारे यांनी त्या ३०० च्या भागीदारीत केलेल्या धावांच्या बरोबर दुप्पट.